बाटलीवरचा चेहरा : लिडिया पिंकहॅम

१९०५ साली अमेरिकेतील ‘लेडीज होम जर्नल’ या मासिकाने एका थडग्याचे छायाचित्र प्रसिद्ध केले. मॅसॅच्युसेट्स राज्यातील लिन या गावच्या दफनभूमीतील त्या दगडावर मृत्यूचे साल कोरलेले होते, १८८३. त्याच सुमारास देशभरातील वर्तमानपत्रांत त्याच बाईच्या नावाने जाहिराती झळकत होत्या. आपल्या दुखण्याविषयी मिसेस पिंकहॅम यांना निःसंकोच लिहावे, असे आवाहन त्यांत असे आणि असंख्य स्त्रिया तसे लिहीतही होत्या. जे आईजवळ वा नवऱ्याजवळ बोलता येत नसे, ते त्या पत्रांत असे. पत्र जिच्या हाती पडेल असे त्यांना वाटत होते, ती बाई बावीस वर्षांपूर्वीच निवर्तली होती.

लिडिया एस्टिसचा जन्म ९ फेब्रुवारी १८१९ रोजी लिन येथे झाला. बारा भावंडांतील ती दहावी. लिन हे चांभारकामाचे, जोडे बनविणाऱ्यांचे गाव. एस्टिस कुटुंब क्वेकर पंथाचे होते. पण गुलामगिरीच्या प्रश्नावर पंथबांधव पुरेशी कठोर भूमिका घेत नाहीत, म्हणून त्यांनी पंथाशी फारकत घेतली. गुलामगिरीतून निसटून आलेला आणि पुढे थोर वक्ता म्हणून गाजलेला फ्रेडरिक डग्लस काही काळ लिनमध्ये राहत असे. एस्टिस कुटुंबाशी त्याचा स्नेह होता. लिडिया सोळाव्या वर्षीच गावातील स्त्रियांच्या गुलामगिरीविरोधी मंडळात सामील झाली. शिक्षण झाल्यावर तिने शिक्षिकेची नोकरी धरली. मद्यपानबंदी, स्त्रियांचे हक्क अशा त्या काळच्या बहुतेक चळवळींविषयी तिला आस्था होती.

१८४३ मध्ये तिचा विवाह आयझॅक पिंकहॅम या विधुराशी झाला. त्याला पहिल्या पत्नीपासून एक मुलगी होती. लिडियाबाईंना पाच अपत्ये झाली. त्यांपैकी एक तान्हेपणीच दगावले. चार्ल्स, डॅनिएल, विल्यम आणि धाकटी ॲरोलिन ही चौघे मोठी झाली. आयझॅक स्वभावाने आशावादी होता. एक धंदा सोडून दुसऱ्यात पडावे, जमिनी घ्याव्यात, भाव चढण्याची वाट पाहावी, असा त्याचा खाक्या. १८७३ साली अमेरिकेत मोठी आर्थिक मंदी आली. बँका बुडाल्या, जमिनींचे भाव कोसळले आणि आयझॅकचा सारा डोलारा खाली आला. कर्जापायी अटकेची वेळ आली. त्या धक्क्यातून तो पुन्हा कधी सावरला नाही. लिडियाबाईंचे वय तेव्हा चोपन्न वर्षांचे होते.

त्या काळी घरोघरच्या गृहिणी वनस्पतींचे काढे करून ठेवीत. लिडियाबाईंचा त्यात हातखंडा होता. उपयोगी पडलेल्या औषधांची त्या वहीत नोंद ठेवीत आणि जॉन किंग या वैद्यकाच्या औषधीकोशाचा आधार घेत. पाळीच्या वेळच्या कळा, अनियमित पाळी, अंगावरून पांढरे जाणे, रजोनिवृत्तीच्या काळातील अस्वस्थता यांवर त्या एक काढा करीत आणि शेजारणींना फुकट देत. त्याची कृती आयझॅकला एका कर्जदाराकडून पैशांच्या बदल्यात मिळाली, अशी कथा कुटुंबात सांगितली जाई. संसार उघड्यावर आल्यावर हाच काढा विकावा असे ठरले आणि १८७५ मध्ये घराच्या तळघरातील चुलीवर धंदा सुरू झाला.

युनिकॉर्न रूट, प्लुरिसी रूट, लाइफ रूट आणि ब्लॅक कोहॉश या तेथील रानवनस्पतींची मुळे व इतर भाग, आणि जोडीला मेथीचे दाणे, अशी त्याची घटकद्रव्ये होती. ब्लॅक कोहॉश अमेरिकेतील मूळ रहिवासी स्त्रियांच्या तक्रारींवर फार पूर्वीपासून वापरीत. मेथीची ओळख मराठी घरांना करून देण्याची गरज नाही. बाळंतिणीच्या लाडवांत ती आपल्याकडे असतेच. या वनस्पती भिजवून त्यांचा अर्क काढायचा, तो फडक्यातून गाळायचा आणि मद्यार्क घालून बाटलीत भरायचा. मद्यार्काचे प्रमाण सुमारे १८ टक्के होते. मद्यपानाला विरोध करणाऱ्या घरात हे औषध तयार होत होते. पण अर्क उतरण्यासाठी आणि टिकण्यासाठी तेवढा मद्यार्क आवश्यक आहे, असे समर्थन केले जाई. बाटलीची किंमत एक डॉलर ठेवण्यात आली.

हा काढा एवढा का खपला हे समजून घ्यायचे, तर त्या काळचे वैद्यक पाहावे लागते. पाऱ्याची औषधे सर्रास दिली जात. गर्भाशयाच्या तोंडाशी जळवा लावण्याचे उपचारही होते. १८७२ मध्ये जॉर्जिया राज्यातील रॉबर्ट बॅटी या शल्यविशारदाने पाळीच्या तक्रारींवर उपाय म्हणून स्त्रीची बीजांडे काढून टाकण्याची शस्त्रक्रिया केली आणि पुढे तिचा बराच प्रसार झाला. निरोगी बीजांडेही अशा रीतीने काढली गेली आणि कित्येक स्त्रिया त्यात दगावल्या. डॉक्टर बहुतेक सगळे पुरुष. लाजेपोटी स्त्रिया त्यांच्याकडे जात नसत आणि गेल्या तर त्यांचे दुखणे नीट ऐकले जाईलच असे नव्हते. त्या मानाने पिंकहॅमबाईंचा काढा निरुपद्रवी वाटे.

धंद्याची सूत्रे मुलांनी उचलली. डॅनिएल न्यूयॉर्कजवळच्या ब्रुकलिनमध्ये पायपीट करून घरोघरी हस्तपत्रके वाटी. हाच मजकूर ‘बोस्टन हेराल्ड’ या वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर जाहिरात म्हणून छापला, तेव्हा मागणी एकदम वाढली आणि जाहिरातीचे बळ कुटुंबाच्या ध्यानात आले. १८७९ पासून जाहिरातींत लिडियाबाईंचे चित्र येऊ लागले. पांढरे होत चाललेले केस, गळ्याशी जाळीदार पट्टी, शांत आणि आजीसारखी मुद्रा. थोड्याच वर्षांत अमेरिकेतील सर्वाधिक परिचित स्त्री-चेहऱ्यांत त्याची गणना होऊ लागली.

जाहिरातींबरोबर पत्रे येऊ लागली. लिडियाबाई ती स्वतः वाचीत आणि हाताने उत्तरे लिहीत. औषध घेण्याचा सल्ला त्यांत असेच. पण मोकळ्या हवेत फिरावे, स्वच्छता राखावी, साधा आहार घ्यावा, आवळ कपडे घालू नयेत, असेही त्या सांगत. पाळी म्हणजे काय, गर्भधारणा कशी होते, पाळी जाताना शरीरात काय बदल होतात, हे सोप्या भाषेत सांगणाऱ्या पुस्तिका त्यांनी तयार केल्या. त्या काळी ही माहिती अनेक शिकल्या-सवरलेल्या स्त्रियांनाही मिळत नसे. स्वतःच्या शरीराविषयी छापील शब्द वाचण्याची अनेकींची ती पहिलीच वेळ असावी.

याच कामाची दुसरी बाजूही आहे. जाहिरातींतील दावे अफाट होते. अंग बाहेर येण्यापासून गर्भाशयातील गाठीपर्यंत सर्व विकारांवर हा एकच उपाय सांगितला जाई. जिला खरोखर गाठ असे, ती बाटल्यांमागून बाटल्या रिचवीत राही आणि मोलाचा काळ निघून जाई. डॉक्टरांवरचा अविश्वास जितका वाढे, तितका खप वाढे. लिडियाबाईंचा आपल्या औषधावर मनापासून विश्वास होता, असेच त्यांच्या एकंदर वागण्यावरून दिसते. पण विश्वास म्हणजे पुरावा नव्हे, आणि दाव्यांची शहानिशा करणारी यंत्रणा तेव्हा अस्तित्वातच नव्हती.

घरात पैसा येऊ लागला, तोच दुःखही आले. १८८१ च्या अखेरीस दोन-तीन महिन्यांच्या आत डॅनिएल आणि विल्यम हे दोन्ही मुलगे क्षयाने गेले. दोघेही ऐन तारुण्यात होते. देशभरच्या स्त्रियांना धीर देणाऱ्या आईला आपल्या मुलांसाठी काही करता आले नाही. मृतात्म्यांशी संवाद साधता येतो या समजुतीचा आधार त्यांनी घेतला. पुढे त्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि १७ मे १८८३ रोजी त्यांचे निधन झाले. तेव्हा धंद्याची वार्षिक विक्री तीन लाख डॉलरच्या घरात पोहोचली होती.

त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत, जून १८८३ मध्ये, आनंदीबाई जोशी अमेरिकेत उतरल्या. पुरुष डॉक्टरांपुढे स्त्रिया आपले दुखणे सांगू शकत नाहीत, हीच अडचण त्यांना सातासमुद्रापार घेऊन आली होती. लिडियाबाईंनी तिच्यावर काढा आणि पत्रे हा मार्ग काढला; आनंदीबाईंनी वैद्यकीय शिक्षणाचा मार्ग धरला आणि १८८६ मध्ये पेनसिल्व्हेनियातील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून एम.डी. पदवी मिळविली.

लिडियाबाई गेल्या, पण कंपनीने त्यांना जाऊ दिले नाही. चेहरा बाटलीवर राहिला. पत्रांना उत्तरे देण्यासाठी स्त्री-कारकून नेमल्या गेल्या आणि पत्रे केवळ स्त्रियाच उघडतात, अशी ग्वाही जाहिरातींत दिली जाई. उत्तर मात्र मिसेस पिंकहॅम यांच्या नावाने जाई. थडग्याचे छायाचित्र छापणारे संपादक एडवर्ड बॉक यांचा रोख या फसवणुकीवर होता. ते नाव चार्ल्सच्या पत्नीचे, म्हणजे लिडियाबाईंच्या सुनेचे आहे, असा खुलासा कंपनीने केला. १९०६ मध्ये औषधशुद्धीचा कायदा झाला आणि मद्यार्काचे प्रमाण बाटलीवर छापणे भाग पडले. पुढे ते कमी करण्यात आले आणि दावेही सौम्य झाले. तरीही खप वाढतच गेला. १९२५ मध्ये विक्री ३८ लाख डॉलरवर पोहोचली. मग वारसांत कोर्टकचेऱ्या झाल्या, खप उतरला आणि १९६८ मध्ये कुटुंबाने कंपनी विकली. त्याआधी, १९२२ मध्ये, मुलगी ॲरोलिनने आईच्या स्मरणार्थ सेलम येथे माता आणि बालकांसाठी दवाखाना सुरू केला होता.

आधुनिक विज्ञानाचा कौल संमिश्र आहे. ब्लॅक कोहॉश रजोनिवृत्तीच्या त्रासावर आजही विकले जाते; मात्र २०१२ मध्ये १६ चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा त्याचा उपयोग सिद्ध करण्याइतका पुरावा मिळाला नाही. क्वचित प्रसंगी यकृताला इजा झाल्याच्या नोंदींमुळे त्यासोबत सावधगिरीची सूचना दिली जाते. लाइफ रूटमध्ये तर यकृताला अपाय करणारी द्रव्ये आढळली आहेत. झाडपाल्याचे म्हणजे निर्धोक, ही समजूत त्या काळी होती आणि अद्यापही गेलेली नाही.

कंपनीची जुनी कागदपत्रे हार्वर्ड विद्यापीठाच्या श्लेसिंजर ग्रंथालयात जतन केली आहेत. स्त्रियांच्या इतिहासाचे अभ्यासक ती आवर्जून पाहतात. काढ्याने किती जणींना गुण आला, याचे खात्रीचे उत्तर त्या कागदांत मिळणार नाही. आपले दुखणे कुणीतरी ऐकून घ्यावे म्हणून किती जणींनी एका अनोळखी बाईला लिहिले, हे मात्र त्यांतून कळते. लिडियाबाई हयात होत्या तोवर त्या पत्रांना निदान खऱ्या हाताचे उत्तर जात होते.