वालचंदशेठ : खडी, चुना आणि जहाजे

शेठ वालचंद हिराचंद दोशी यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापुरात, एका जैन व्यापारी कुटुंबात झाला. घरच्या पेढीत त्यांचे मन रमेना. तेव्हा रेल्वेतील माजी कारकून लक्ष्मणराव फाटक यांच्या भागीदारीत त्यांनी ठेकेदारी धरली. पहिले काम बार्शी लाइट रेल्वेच्या येडशी-तडवळे तुकड्याचे.

पहिल्या महायुद्धात फाटक-वालचंद कंपनीने लष्करासाठी बराकी बांधल्या. युद्धाच्या बांधकामाला घाई फार. विटा, चुना, लाकूड एक दिवस उशिरा आले की गवंडी-बिगारी बसून राहतात आणि मजुरी चढत जाते. पुढे वाहतुकीचाच धंदा हाती घेण्याचे बीज इथे पडले असावे, असे आम्हाला वाटते. त्या घमेल्या-पाट्या डोक्यावर वाहणाऱ्यांची नावे मात्र कोणत्या चरित्रात सापडत नाहीत. करारावर आलेल्या मजुरांच्या नातवंडांना हे वेगळे सांगायला नको.

युद्ध संपल्यावर दिल्लीहून मुंबईला परतताना आगगाडीतच त्यांना कळले, की ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांचे ‘लॉयल्टी’ जहाज विक्रीला आहे. युद्धात ते इस्पितळ-जहाज होते. नरोत्तम मोरारजी आदी सहकाऱ्यांसह त्यांनी ते घेतले, सिंदिया कंपनी काढली आणि ५ एप्रिल १९१९ रोजी ‘लॉयल्टी’ मुंबईहून लंडनला निघाली. आपले पूर्वज आले ते परक्यांच्या जहाजांतून. हिंदी मालकीचे जहाज म्हणजे काय, हे आपल्याइतके कोणाला कळावे?

१९३७ पासून सिंदियाची ‘एल मदिना’ आणि ‘एल हिंद’ ही जहाजे हजच्या यात्रेकरूंना सौदी अरेबियातील जेद्दा बंदरात नेऊ लागली. मोगल लाइन या जुन्या कंपनीने भाडे उतरवले, सिंदियानेही उतरवले. यात्रेकरूंचे पैसे वाचले, कंपनीने तोटा सोसला. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ साली, दोन्ही जहाजे गेली : ‘एल मदिना’ जपानी पाणबुडीच्या हल्ल्यात, ‘एल हिंद’ मुंबई गोदीतील १४ एप्रिलच्या स्फोटात.

त्याच युद्धात वालचंदशेठ विशाखापट्टणमला जहाज-कारखाना उभारत होते. २१ जून १९४१ रोजी राजेंद्रबाबूंनी पायाभरणी केली. परदेशी यंत्रे आणि पोलाद मिळणे कठीण, त्यात एप्रिल १९४२ मध्ये गावावर जपानी बॉम्ब पडले आणि काम खोळंबले. तिथले पहिले जहाज ‘जलउषा’ १४ मार्च १९४८ रोजी पाण्यात उतरले.

८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातेत सिद्धपूर येथे त्यांचे निधन झाले. ‘लॉयल्टी’ निघाली तो ५ एप्रिल भारतात आता सागरी दिन म्हणून पाळतात.