लस राखणारा वैद्य

ओसाका ही जपानांतील व्यापाराची जुनी पेठ. तिच्या किताहामा भागांत, उंच इमारतींच्या दाटींत, एक दुमजली लांकडी घर अद्याप राखून ठेविलेलें आहे. हीच ओगाटा कोआन ह्यांची ‘तेकिजुकु’ नांवाची शाळा. माडीवर दर विद्यार्थ्यास एका चटईएवढी जागा असे. खांबावर तरवारींच्या खुणा दिसतात. शेजारीं कोशाची खोली. सबंध शाळेंत डच शब्दकोशाची प्रत एकच, तीही हस्तलिखित. त्यामुळें त्या खोलींतला दिवा रात्रभर विझत नसे.

कोआन १८१० सालीं आशिमोरी येथें एका साधारण सामुराई घराण्यांत जन्मले. प्रकृति अशक्त, म्हणून त्यांनीं वैद्यक पत्करिलें. पाश्चात्यांपैकीं फक्त डचांसच त्या काळीं जपानांत व्यापाराची मोकळीक होती. तेव्हां नवें वैद्यक शिकावयाचें तें डच ग्रंथांतूनच. १८३८ सालीं त्यांनीं ही शाळा काढिली. फुकुझावा युकिचि येथलेच विद्यार्थी.

परंतु आम्हांस कोआन थोर वाटतात ते लसीमुळें. १८४९ सालीं गोस्तनदेवीची लस नागासाकीस पोंचली, व त्याच वर्षीं कोआन ह्यांनीं ओसाकांत लस टोंचण्याचें केंद्र उघडिलें. खर्चाचा भार यामातोया किहेइ ह्या व्यापाऱ्यानें उचलिला. पेढीवाल्या वाचकांनीं हें नांव ध्यानांत ठेवावें. मात्र शहरांत लागलीच बोभाटा झाला कीं, लस निरुपयोगी तर आहेच, उलट मुलांस अपायकारक आहे. ज्या रोगास आपण देवी म्हणून हात जोडले, त्याच्याविषयीं असे प्रवाद आपल्याकडेही कमी नव्हते.

लोक फिरकेनात. लस तर बाटलींत टिकणारी नव्हे; एका मुलाच्या दंडावरील फोडांतून आठवड्याभरानें दुसऱ्याच्या दंडावर न्यावी, तरच ती जिवंत राहावयाची. एक खेप चुकली कीं सारेंच बुडालें. तेव्हां ह्या मंडळींनीं पदरचे तांदूळ व पैसे खर्चून दर खेपेस चारपांच गरीब मुलें जमविलीं, आणि ही साखळी वर्षानुवर्षें तुटूं दिली नाहीं. गरिबाच्याच लेंकराचा दंड पुढें करावा लागला, हें आम्हांस खुपतें. पण त्या दंडांवरच शहराची लस जगली, हेंही खरें. सरकारची मान्यता मिळावयास १८५८ साल उजाडलें.

त्याच वर्षीं पटकीची सांथ आली, तेव्हां कोआन ह्यांनीं तिच्या उपचारावर घाईघाईनें एक पुस्तक लिहून छापविलें. १८६२ सालीं शोगुननें त्यांस राजवैद्य म्हणून एडोस बोलाविलें. जाण्याची त्यांची इच्छा नव्हती, तरी गेले. आणि पुढच्याच वर्षीं रक्ताची उलटी होऊन तेथेंच वारले.