कृष्णविवरांच्या वाटेवरचे गुरू : विष्णु वासुदेव नारळीकर

विश्वात साध्या द्रव्याच्या सुमारे पाचपट कृष्णद्रव्य आहे. ते दिसत नाही. त्याचे अस्तित्व केवळ गुरुत्वाकर्षणावरून कळते. विश्वाच्या आरंभी निर्माण झालेली कृष्णविवरे हेच तर ते द्रव्य नव्हे, असा प्रश्न शास्त्रज्ञांपुढे आहे. त्याचा विचार करताना उपयोगी पडणारे एक सूत्र १९४३ साली बनारसच्या अभ्यासातून पुढे आले. त्यामागचे गुरू होते प्रा. विष्णु वासुदेव नारळीकर.

२६ सप्टेंबर १९०८ रोजी कोल्हापुरात जन्मलेले नारळीकर मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधील शिक्षणानंतर १९२८ मध्ये केंब्रिजला गेले आणि रँग्लर झाले. तेथील संशोधनाची वाट खुली असतानाही पंडित मदनमोहन मालवीय यांचे निमंत्रण स्वीकारून १९३२ मध्ये ते बनारस हिंदू विश्वविद्यालयात गणित विभागाचे प्रमुख झाले. तेव्हा त्यांनी पंचविशीही गाठली नव्हती. सापेक्षतावादाचा अभ्यास करणारे त्या काळी जगातही मोजकेच होते. नारळीकरांनी त्याची परंपरा बनारसमध्ये उभी केली.

१९४२ मध्ये गुजरातेतून प्रल्हाद चुनीलाल वैद्य त्यांच्याकडे आले. श्वार्झशिल्ड यांच्या १९१६ च्या सूत्रात ताऱ्याभोवती निव्वळ पोकळी गृहीत धरलेली होती. प्रत्यक्षात तारा सतत प्रकाश फेकतो आणि त्यामुळे त्याचे वस्तुमान घटत जाते. अशा ताऱ्याचे गुरुत्वीय क्षेत्र कसे असेल, हा प्रश्न नारळीकरांनी शिष्यापुढे ठेवला. वैद्यांनी तो सोडविला. उत्तर प्रसिद्ध झाले ते एकट्या वैद्यांच्या नावे, आणि 'वैद्य मेट्रिक' म्हणूनच जगाला परिचित झाले.

त्याचे मोल कळण्यास दोन दशके जावी लागली. १९६३ मध्ये क्वासारांचा उलगडा होऊ लागला आणि कोसळत्या ताऱ्यांकडे लक्ष वळले. १९७४ मध्ये हॉकिंग यांनी कृष्णविवरेही प्रारण सोडून क्षीण होतात, असे दाखविले. हे घटते वस्तुमान मांडण्यास वैद्यांचे सूत्र कामी आले. अतिलघु आद्य कृष्णविवरे अशा रीतीने केव्हाच नाहीशी झाली असतील; कृष्णद्रव्य म्हणून विचार होतो तो उरलेल्या, अधिक वजनदार विवरांचा.

१९६० मध्ये बनारस सोडून नारळीकर राजस्थान लोकसेवा आयोगाचे अध्यक्ष झाले व नंतर पुणे विद्यापीठात लोकमान्य टिळक प्राध्यापक म्हणून त्यांनी अध्यापन केले. १ एप्रिल १९९१ रोजी त्यांचे निधन झाले. पुत्र जयंत यांच्यामुळे नारळीकर हे नाव घरोघरी पोहोचले. विष्णुपंतांचे कार्य मात्र शिष्यांच्या नावे असलेल्या सूत्रांतून आजही चालू आहे.