पहिल्या महिन्याची कमाई ४ डॉलर असलेल्या डॉक्टरनं इन्सुलिन शोधलं, अन् पेटंट दिलं १ डॉलरला

१४ नोव्हेंबर म्हटलं की आपल्याला बालदिन आठवतो. पण जगभरात हाच दिवस जागतिक मधुमेह दिन म्हणून पाळतात. कारण १८९१ साली याच तारखेला कॅनडातल्या ॲलिस्टनजवळ एका शेतकऱ्याच्या घरात फ्रेडरिक बँटिंग जन्मला.

बँटिंगनं इन्सुलिन शोधलं हे बऱ्याच जणांना माहिती असतं. पण हे काम हातात घेतलं तेव्हा त्याच्याकडे ना संशोधनाचा अनुभव होता, ना पैसा.

पहिल्या महायुद्धात तो लष्करी डॉक्टर होता. जखमी झाला, शौर्यपदकही मिळालं. परत येऊन १९२० मध्ये त्यानं ओंटारिओतल्या लंडन शहरात दवाखाना टाकला. पहिल्या महिन्याची कमाई झाली ४ डॉलर. घर चालेना म्हणून तो कॉलेजात अर्धवेळ शिकवायला लागला.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रात्री दुसऱ्या दिवसाच्या तासाची तयारी करताना त्यानं स्वादुपिंडावरचा एक लेख वाचला आणि त्याच्या डोक्यात कल्पना आली.

टाईप १ डायबेटिसमध्ये स्वादुपिंडातल्या इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशीच नष्ट होतात. तेव्हा यावर औषध नव्हतं. लहान मुलांना जवळजवळ उपाशी ठेवून थोडे दिवस जगवायचं, एवढंच डॉक्टरांच्या हातात होतं. स्वादुपिंडातून औषध काढायचे प्रयत्न बऱ्याच जणांनी केले होते, पण हाती काही ठोस लागत नव्हतं. बँटिंगला वाटलं, पाचकरसच हे औषध खराब करत असणार. मग पाचकरसाची नळी बांधून टाकली तर?

टोरांटो विद्यापीठातल्या प्रोफेसर मॅक्लिऑड यांचा यावर फारसा विश्वास बसला नाही. तरीही मे १९२१ मध्ये त्यांनी एक लॅब, काही कुत्रे आणि चार्ल्स बेस्ट हा मदतनीस दिला. बेस्टचं वय २२, नुकताच पदवीधर झालेला. सुरुवातीला दोघांनाही पगार नव्हता. बँटिंगनं गाडी विकली. बरेच कुत्रे दगावले. पण जुलैच्या शेवटी एका कुत्र्याला अर्क टोचला आणि त्याची शुगर उतरली.

गंमत म्हणजे, नळी बांधायची गरजच नव्हती. कत्तलखान्यातून आणलेल्या जनावरांच्या स्वादुपिंडातून अल्कोहोल वापरून थेट अर्क काढता येतो, हे नंतर कळलं. म्हणजे जिच्यापासून सुरुवात झाली ती कल्पनाच अर्धी चुकीची निघाली.

११ जानेवारी १९२२ ला टोरांटोतल्या लेनर्ड थॉम्प्सन या मुलाला पहिलं इंजेक्शन दिलं. ते फसलं. अर्क शुद्ध नव्हता, इंजेक्शनच्या जागी गळू झालं. तेव्हा डिसेंबरमध्येच टीममध्ये आलेला जेम्स कॉलिप हा बायोकेमिस्ट कामाला लागला. त्यानं अर्क शुद्ध केला. २३ जानेवारीला पुन्हा इंजेक्शन दिलं आणि यावेळी शुगर खाली आली. मरणाच्या दारातला लेनर्ड पुढे १३ वर्षं जगला.

पेटंटमधून बक्कळ पैसा कमावता आला असता. पण बँटिंग, बेस्ट आणि कॉलिपनं ते प्रत्येकी १ डॉलरला विद्यापीठाला देऊन टाकलं.

१९२३ चं नोबेल बँटिंग आणि मॅक्लिऑड यांना मिळालं. बेस्टचं नाव नाही म्हणून बँटिंग भडकला आणि आपल्या वाट्याची निम्मी रक्कम त्यानं बेस्टला दिली. मॅक्लिऑड यांनीही आपली रक्कम कॉलिपसोबत वाटून घेतली. वैद्यकशास्त्रातला सर्वांत तरुण नोबेल विजेता आजही बँटिंगच आहे.

दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडला निघालेला असताना न्यूफाउंडलंडमध्ये त्याचं विमान कोसळलं. फेब्रुवारी १९४१ मध्ये ४९ व्या वर्षी तो गेला.

इन्सुलिननं टाईप १ बरा होत नाही, ते रोज घ्यावंच लागतं. पण जी मुलं पूर्वी काही महिन्यांत जायची, ती आज शाळा शिकतात, नोकरी करतात, म्हातारी होतात. त्याची सुरुवात एका न चाललेल्या दवाखान्याच्या डॉक्टरपासून आणि २२ वर्षांच्या पोरापासून झाली होती.