शिलाहार नृपती अपरार्क

महाशिवरात्रीला अंबरनाथास जी यात्रा भरते तीत तुळशीची माळ घातलेले लोक पुष्कळ दिसतात. त्यात नवल नाही. हरिहरांत भेद मानणे आपल्याला कोणी शिकविलेलेच नाही. आमच्या चिखलोलीहून तर ते देऊळ जवळच. दर्शन घेऊन परतताना कोणी ना कोणी म्हणतोच, की हे पांडवांनी एका रात्रीत बांधले. बाबांनो, पांडवांना उगीच कशाला शिणवता! देवळात शिलालेख आहे. त्यात शके 982, म्हणजे इ. स. 1060, हे वर्ष आणि माम्वाणी राजाचे नाव कोरलेले आहे. मुम्मुणी असेही त्याचे नाव. तो ठाण्याच्या शिलाहार घराण्यातला राजा. त्याच घराण्यात पुढे साठसत्तर वर्षांनी अपरादित्य नावाचा राजा झाला, आणि त्याने धर्मशास्त्रावर एक प्रचंड ग्रंथ केला. आदित्य म्हणजे सूर्य आणि अर्क म्हणजेही सूर्य, म्हणून शास्त्रीमंडळी त्याला अपरार्क म्हणतात. काश्मीरपर्यंतच्या पंडितांना जो ठाऊक, तो ठाणे जिल्ह्यातल्या माणसाला ठाऊक नसावा, हे काही बरे नव्हे. म्हणून हे चरित्र.

हे शिलाहार स्वतःला तगरपुराचे अधिपती म्हणवीत. तगर म्हणजे आजचे तेर, आपल्या गोरोबाकाकांचे गाव. तिथे गोरोबाकाकांच्या समाधीला गेलेल्या वारकऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे, की कोकणच्या या राजांनी आपले मूळ त्याच मातीत सांगितले. त्यांचा मूळपुरुष मात्र पुराणातला, विद्याधरांचा राजपुत्र जीमूतवाहन. गरुडाला रोज एक नाग खायला द्यावा लागे. एके दिवशी शंखचूडाची पाळी आली. त्याची आई ऊर बडवून रडत होती. जीमूतवाहनाने ते पाहिले आणि त्या नागाच्या जागी आपणच शिळेवर जाऊन बसला. गरुडाने त्याला फाडले तरी हूं की चूं केले नाही. शेवटी गरुडालाच लाज वाटली. आता बघा, ज्या घराण्याने असा पूर्वज मानला, त्याच्या निशाणावर गरुड असावा यात मोठे मर्म आहे. राज्य करायचे ते दुसऱ्याचा जीव वाचवायला, हे त्यांना मुळारंभीच सांगितलेले होते. पुढे प्रत्येकाने ते पाळले असे मात्र म्हणवत नाही.

मुम्मुणीच्या मागे घरात भाऊबंदकी माजली. तिचा फायदा घेऊन परकी माणसे कोकणात शिरली, देवाब्राह्मणांना आणि रयतेला त्यांनी छळले. खारेपाटणला सापडलेल्या शके 1016च्या ताम्रपटात हे सारे आहे. त्या वेळच्या अनंतदेव राजाने त्या दुष्टांचा निःपात केला असे तो ताम्रपट सांगतो. अनंतदेवामागून अपरादित्य गादीवर आला, आणि संकट पुन्हा उभे राहिले. गोव्याचे कदंब प्रबळ झाले होते, त्यांचा राजा दुसरा जयकेशी उत्तरेकडे हात पसरीत होता. त्यात चित्तुक नावाचा एक शत्रू उठला. शके 1049च्या, म्हणजे इ. स. 1127च्या वडवली ताम्रपटात त्याला असुरच म्हटले आहे. सगळे मांडलिक त्याला जाऊन मिळाले, धर्म बुडाला, वडीलधारी माणसे गांजली, प्रजा देशोधडीला लागली. अशा वेळी अपरादित्य एकटा, एका घोड्यानिशी, हातात तलवार घेऊन चालून गेला, आणि चित्तुकाला ना लढता आले ना धड पळता आले. त्याने म्लेंच्छांचा आश्रय धरला. ताम्रपट लिहिणारे राजाचेच कवी असतात, तेव्हा थोडे मीठमसाल्याचे समजून घ्यावे. परंतु गेलेले राज्य त्याने परत मिळविले हे खरे. पुढे दहा वर्षांनीही त्याचे लेख सापडतात. उरणजवळ चाणजे येथील शके 1060च्या लेखात त्याने आपली आई लीलादेवी हिच्या पुण्यासाठी दान दिल्याची नोंद आहे.

इथवर तो इतर राजांसारखाच. राज्य गेले, मिळाले, दाने दिली. पण हातात तलवार धरून ज्याने मुलूख परत आणला, त्याने मग याज्ञवल्क्यस्मृती पुढे घेतली आणि तिच्या प्रत्येक श्लोकावर टीका केली. राजा आहे मी, वागावे कसे, न्याय कसा करावा, चुकले तर फेडावे कसे? स्मृतीचे तीन अध्याय याच क्रमाने आहेत: आचार, व्यवहार आणि प्रायश्चित्त. ग्रंथाच्या पुष्पिकेत तो स्वतःची ओळख विद्याधरवंशातील, जीमूतवाहनाच्या कुळातील शिलाहार नृपती अशी करून देतो. अपरादित्य या नावाचे राजे दोन झाले. हा पहिला, असे महामहोपाध्याय काणे आणि महामहोपाध्याय मिराशी या दोघांचेही मत आहे. ग्रंथ बाराव्या शतकाच्या पूर्वार्धातला.

म्हणाल, बुवा, राजा कुठला लिहितो! पदरी पंडित असतील, त्यांनी लिहिला आणि वर नाव राजाचे घातले. असेलही. माझे म्हणणे एवढेच, की त्या काळी पंडितांकडून राजे काय लिहवून घेत ते पाहा. आपल्या पराक्रमाची काव्ये! याने लिहवून घेतले असेल तर आपल्यालाच बांधून टाकणारे शास्त्र लिहवून घेतले.

कारण त्या स्मृतीत राजाला सुटका नाही. आचाराध्यायाच्या शेवटी राजधर्माचे प्रकरण येते. पहाटे उठावे आणि शास्त्राचे व आपल्या सगळ्या कर्तव्यांचे मनाशी चिंतन करावे. वृद्धांची सेवा करावी, केलेले उपकार जाणावे. प्रजेशी बापासारखे वागावे. भाऊ असो, मुलगा असो, धर्मापासून ढळला तर दंडाला पात्र. जिंकलेल्या देशातल्या लोकांचे आचार, न्यायाची रीत, कुळांच्या चाली जशा असतील तशाच सांभाळाव्यात. नुकताच मुलूख सोडवून आलेल्या राजाला हे वाक्य किती टोचले असेल! सूड घ्यायची वेळ, आणि शास्त्र म्हणते, लोकांच्या रीतीला हात लावू नको.

पुढचा हिशेब तर ऐकण्यासारखा आहे. राजा प्रजेचे नीट रक्षण करतो तेव्हा प्रजेच्या पुण्याचा सहावा हिस्सा त्याला मिळतो. रक्षण केले नाही आणि त्यामुळे लोक पापाला प्रवृत्त झाले, तर त्या पापाचा अर्धा वाटा त्याच्या माथी. पुण्यात सहावा आणि पापात निम्मा! का? तर तो कर घेतो म्हणून. चोरीला गेलेला माल राजाने ज्याचा त्याला द्यावा, न दिला तर दोष राजाला. आणि व्यवहाराध्याय संपतो तो श्लोकच राजावर आहे: अन्यायाने दंड वसूल केला असेल तर त्याच्या तीसपट द्रव्य वरुणाला निवेदन करून ब्राह्मणांस द्यावे. न्याय करणाऱ्याचाही न्याय कोणीतरी करतो, आणि तो वरुण आहे.

याच स्मृतीवर त्याच सुमारास दुसरी एक टीका झाली, विज्ञानेश्वराची मिताक्षरा. ती कल्याणला लिहिली गेली. आमची इकडची मंडळी हे ऐकून आनंदतात. पण ते कल्याण आपले रेल्वेचे जंक्शन नव्हे, ते बिदरकडचे चालुक्यांचे कल्याण. मिताक्षरा आटोपशीर, म्हणून कोर्टकचेऱ्यांत तिचा बोलबाला झाला. अपरार्काचा ग्रंथ तिच्याहून विस्तृत; एकेका श्लोकावर तो इतर स्मृती आणि पुराणे यांतली वचने ढिगांनी मांडतो. पुराणे सांगणाऱ्याला तो म्हणूनच जवळचा वाटतो.

तिसऱ्या अध्यायात प्रायश्चित्तांबरोबर संन्याशाचा धर्म आणि आत्मविचारही आहे. न्यायाने मिळविणारा, खरे बोलणारा, अतिथीला जपणारा आणि तत्त्वज्ञानात रमलेला गृहस्थसुद्धा मुक्त होतो, असे याज्ञवल्क्य तिथे सांगतो. राजा हाही गृहस्थच. सिंहासन सोडून रानात जायला नको, बसल्या जागी साधेल, हा दिलासा त्याला इथे मिळाला असावा.

राजाची कीर्ती दूर गेली. काश्मीरच्या जयसिंह राजाच्या वेळी मंख नावाचा कवी होऊन गेला. त्याने श्रीकंठचरित हे काव्य लिहिले, त्याच्या पंचविसाव्या सर्गात त्याचा भाऊ अलंकार याच्या घरी भरलेल्या विद्वत्सभेचे वर्णन आहे. त्या सभेत कोकणच्या अपरादित्याचा वकील तेजकंठ बसलेला होता. ठाण्याची खाडी कुठे आणि काश्मीर कुठे! काश्मिरी पंडितांनी अपरार्क जवळ केला तो असा, की एकोणिसाव्या शतकात ब्यूलर तिकडे पोथ्या शोधीत गेला तेव्हाही धर्मनिर्णयाला तेथे हाच ग्रंथ प्रमाण मानीत होते.

आता वारकऱ्याच्या तोंडावर जो प्रश्न आहे तो मी टाळीत नाही. असल्याच प्रायश्चित्तग्रंथांची पाने उलटून विठ्ठलपंतांना देहदंड सांगितला गेला ना? परंपरा तसेच सांगते. संन्याशाची पोरे म्हणून निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ताई दारोदार फिरली आणि शुद्धिपत्रासाठी पैठणला गेली. मी पाठशाळेत याच शास्त्राचे पाठ घेतले, त्याविषयी मला आदर आहे. पण शास्त्र राजाने स्वतःला लावून घेणे वेगळे आणि चार अनाथ लेकरांना लावणे वेगळे. अपरार्काने काठी स्वतःच्या पाठीवर ठेवली. शिवाय त्याचा ग्रंथ संस्कृतात. ज्या कोळ्याकुणब्यांवर तो राज्य करीत होता, त्यांच्या कानी त्यातले अक्षर पडले नाही. ज्ञानोबांनी मराठीत गीता सांगितली ती यानंतर दीडशे वर्षांनी, शके 1212 मध्ये.

शिलाहारांचे राज्य मात्र तोवर राहिले नाही. शेवटचा राजा सोमेश्वर. देवगिरीच्या महादेव यादवाने इ. स. 1265च्या सुमारास त्याच्यावर स्वारी केली. सोमेश्वर समुद्रात गेला आणि तिथेच बुडाला. बोरिवलीजवळ एकसरला वीरगळ आहेत, त्यांवर गलबतांची लढाई कोरलेली आहे. ती हीच असे बरेच जण मानतात. त्या महादेवरायाचा श्रीकरणाधिप हेमाद्री. पंढरीच्या चौऱ्याऐंशीच्या लेखात ज्याचे नाव आहे तोच हा. धन्याने शिलाहारांचे राज्य बुडविले, आणि चतुर्वर्गचिंतामणी लिहायला बसलेल्या या प्रधानाने प्रमाणासाठी अपरार्काचा ग्रंथ उघडला. पुण्याच्या आनंदाश्रमाने तो 1903 आणि 1904 साली दोन जाड भागांत छापला. माझ्या गुरुजींच्या फडताळात ते दोन्ही भाग होते, आणि राजधर्माच्या प्रकरणाशी पाने सर्वांत जास्त मळलेली होती.