कर्नल हेमू अधिकारी

बाजरी निघाली की आपण मोकळ्या रानात क्रिकेट मांडतो. बॅट धरायला सगळे पुढे असतात. बॉलिंगसाठीही भांडणं होतात. पण शेजारच्या तुरीकडे फिल्डिंगला उभं राहा म्हटलं, की जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो. ज्यांनी या फिल्डिंगला बॅटिंगइतकाच मान दिला आणि इतरांना द्यायला लावला, अशा एका खेळाडूची माहिती मी या अंकात देत आहे. त्यांचे नाव लेफ्टनंट कर्नल हेमू अधिकारी.

त्यांचे पूर्ण नाव हेमचंद्र रामचंद्र अधिकारी. जन्म ३१ जुलै १९१९ रोजी पुण्यात झाला. सतरा वर्षांचे असतानाच ते गुजरातच्या संघातून मोठे सामने खेळू लागले. पुढे बडोद्याकडून खेळले. उंची फार नव्हती, पण पाय चपळ होते. कव्हरला उभे राहिले की त्यांच्या बाजूने चेंडू जाणं अवघड होतं.

मात्र त्यांची उमेदीची वर्षे महायुद्धाने खाल्ली. १९३६ नंतर थेट १९४६ पर्यंत भारताचा एकही कसोटी सामना झाला नाही. अधिकारी सैन्यात अधिकारी झाले! (हे मी मुद्दाम लिहिलेलं नाही, त्यांचं आडनावच तसं आहे.) पहिली कसोटी खेळायला मिळाली ती १९४७ साली ऑस्ट्रेलियात, तेव्हा त्यांचं वय २८ होतं. समोर ब्रॅडमनचा संघ. पाच सामन्यांपैकी चार आपण हरलो. त्यात ॲडलेडच्या सामन्यात दुसऱ्या डावात आपले फलंदाज एकामागून एक शून्यावर परत येत होते. तेव्हा विजय हजारे यांनी १४५ धावा काढल्या आणि अधिकारींनी ५१ काढून त्यांना साथ दिली. सामना गेलाच, पण हा माणूस घाबरत नाही एवढं सगळ्यांना कळलं.

नोव्हेंबर १९४८ मध्ये दिल्लीला वेस्ट इंडिजने ६३१ धावांचा डोंगर उभा केला. अधिकारींनी नाबाद ११४ धावा काढल्या. तरी आपल्यावर फॉलोऑन आलाच. दुसऱ्या डावातही ते बाद झाले नाहीत आणि सामना वाचला. हे त्यांचं कसोटीतलं एकच शतक.

मला त्यांचा सगळ्यात आवडलेला डाव मात्र ऑक्टोबर १९५२ चा आहे. पाकिस्तानशी आपली ती पहिलीच कसोटी होती, तीही दिल्लीलाच. नऊ गडी बाद झाले तेव्हा धावा २६३. शेवटचे गुलाम अहमद आले. ते मुख्यतः गोलंदाज. लोकांना वाटलं, आता पाच मिनिटांत खेळ आटोपणार. पण या दोघांनी शेवटच्या जोडीसाठी १०९ धावा जोडल्या! गुलाम अहमद यांनी ५० केल्या, अधिकारी ८१ वर नाबाद राहिले. मग विनू मांकड यांनी दोन्ही डावांत मिळून १३ बळी घेतले आणि भारत एक डाव राखून जिंकला.

१९५८-५९ साली वेस्ट इंडिजचा संघ भारतात आला, तेव्हा एकाच मालिकेत आपले चार कप्तान झाले. चौथे अधिकारी. मालिका आधीच हातची गेली होती. शेवटच्या दिल्ली कसोटीत त्यांनी ६३ आणि ४० धावा केल्या, तीन गडीही बाद केले, आणि सामना अनिर्णित ठेवला. ती त्यांची शेवटची कसोटी. एकूण २१ कसोटी आणि ८७२ धावा. आकडा मोठा नाही. पण यांच्या कितीतरी धावा संघ अडचणीत असताना काढलेल्या आहेत, ते आकड्यात कुठे दिसतं?

सेनादलाच्या संघालाही त्यांनीच घडवलं. त्या संघाला लागोपाठ दोन वर्षं, १९५६-५७ आणि १९५७-५८ मध्ये, रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यापर्यंत नेलं. दोन्ही वेळा हार झाली, पण त्याआधी फौजी मुलं तिथवर पोचतील असं कुणाला वाटलं नव्हतं.

आता १९७१. अजित वाडेकर यांचा संघ इंग्लंडला निघाला आणि मॅनेजर म्हणून कर्नल अधिकारी गेले. त्या काळी संघाबरोबर वेगळा कोच पाठवत नसत, ते काम मॅनेजरनेच करायचं. अधिकारींनी सगळ्यांना लष्करी शिस्त लावली. पळणं, व्यायाम, आणि मग झेल, झेल आणि झेल. मोठमोठे फलंदाजसुद्धा यातून सुटले नाहीत. याला कारण होतं. बेदी, चंद्रशेखर, वेंकटराघवन हे आपले फिरकी गोलंदाज. फिरकीवर बॅटची कड लागून चेंडू अगदी जवळ उडतो. तो पकडणारा नसेल तर उत्तम गोलंदाजही काय करणार? फलंदाजाच्या पायाशी उभे राहत एकनाथ सोलकर. ते एका मैदानाच्या माळ्याचे पुत्र. डोक्याला हेल्मेट नाही काही नाही.

दोन सामने अनिर्णित राहिले. तिसरा ओव्हल मैदानावर. इंग्लंडचा दुसरा डाव १०१ धावांत संपला. चंद्रशेखर यांनी ३८ धावांत ६ बळी घेतले. सोलकर यांनी अंग पुढे झोकून नॉटचा झेल घेतला, तो झेल अजून सांगतात. २४ ऑगस्टला आपण चार गडी राखून जिंकलो. इंग्लंडमध्ये जिंकलेली ही आपली पहिली मालिका. त्या दिवशी गणेश चतुर्थी होती, म्हणून आपल्या लोकांनी प्राणिसंग्रहालयातून बेला नावाची हत्तीण मैदानावर आणली होती! घरात आजोबा असतील तर त्यांना विचारा, त्यांनी ही मॅच रेडिओवर ऐकली असेल.

थोरांच्या चरित्रात पुढचा भाग बहुतेक गाळतात, पण मी लिहितो. १९७४ साली तेच कप्तान, तेच मॅनेजर पुन्हा इंग्लंडला गेले. तिन्ही कसोटी हरले. लॉर्ड्‌सवर तर अख्खा संघ ४२ धावांत बाद, त्यात सोलकर नाबाद १८. इंदूरला १९७१ च्या विजयाची आठवण म्हणून सिमेंटची मोठी बॅट उभारली होती, ती चिडलेल्या लोकांनी विद्रूप केली. तीनच वर्षांत एवढा फरक!

२५ ऑक्टोबर २००३ रोजी मुंबईत कर्नल अधिकारी वारले. तेव्हा ते ८४ वर्षांचे होते आणि त्यांची नि गुलाम अहमद यांची १०९ धावांची भागी हा शेवटच्या जोडीचा भारतीय विक्रम अजून कायम होता. पुढच्या वर्षी, डिसेंबर २००४ मध्ये, सचिन तेंडुलकर आणि झहीर खान यांनी ढाक्याला १३३ धावा जोडून तो मोडला.