जॉर्ज ॲन्सन आणि 'सेंचुरियन'

इंग्लंडचा प्रसिद्ध आरमारी सेनापती जॉर्ज ॲन्सन याचा जन्म १६९७ साली स्टॅफर्डशायर परगण्यात झाला. १७१२ साली तो आरमारात दाखल झाला.

१७३९ साली इंग्लंड व स्पेन यांच्यात युद्ध जुंपले. पॅसिफिक महासागरातील स्पेनच्या वसाहतींवर चालून जाण्याची कामगिरी ॲन्सनवर सोपविण्यात आली. सप्टेंबर १७४० मध्ये ६ युद्धनौका व सुमारे १९०० माणसे घेऊन तो निघाला. त्यांत कित्येक वृद्ध व आजारी सैनिकही होते. ६० तोफांची 'सेंचुरियन' ही त्याची स्वतःची नौका होती.

दक्षिण अमेरिकेच्या टोकाशी भयंकर वादळांनी आरमाराची दाणादाण उडविली. दोन नौका माघारी फिरल्या. एक खडकांवर फुटली. त्यातच स्कर्व्ही रोगाची साथ आली. हिरड्या सुजत, जुन्या जखमा पुन्हा उघडत आणि माणसे पटापट मरत. ताज्या फळांच्या व भाजीपाल्याच्या अभावी हा रोग होतो, हे तेव्हा नीटसे उमगले नव्हते. १७४२ साली टिनियन बेटास पोहोचेपर्यंत एकटी 'सेंचुरियन' उरली.

तेथे ॲन्सन किनाऱ्यावर असता वादळाने नौका समुद्रात वाहून गेली. लोकांचा धीर खचला. एक लहान नाव वाढवून तीतून चीन गाठण्याचे ॲन्सनने ठरविले आणि हाती कुऱ्हाड घेऊन तो स्वतः खलाशांबरोबर राबू लागला. १९ दिवसांनी नौकेवरील मोजक्या लोकांनी ती मोठ्या कष्टाने परत आणली.

जून १७४३ मध्ये फिलिपाइन्सजवळ ॲन्सनने स्पेनचे खजिन्याचे जहाज जिंकले. त्यावर १३ लाखांहून अधिक चांदीची नाणी होती. पृथ्वीप्रदक्षिणा करून जून १७४४ मध्ये तो स्वदेशी परतला, तेव्हा खजिन्याच्या ३२ गाड्या लंडनमधून मिरवत गेल्या. परंतु मूळच्या माणसांपैकी २०० देखील त्याच्याबरोबर परतली नव्हती. शत्रूच्या हातून मेलेले अगदी थोडे होते. रोगाने हजाराहून अधिक बळी घेतले होते.

१७४७ साली जेम्स लिंड या वैद्याने संत्री व लिंबे देऊन या रोगाचे रुग्ण बरे केले. १७५३ साली प्रसिद्ध झालेला आपला ग्रंथ त्याने ॲन्सनलाच अर्पण केला. पुढे ॲन्सन आरमार खात्याचा प्रमुख झाला. १७६२ साली तो निवर्तला. अनेक युद्धांत भाग घेतलेली 'सेंचुरियन' १७६९ साली मोडण्यात आली. खलाशांना नियमाने लिंबाचा रस देण्याचे मात्र १७९५ साली ठरले. खजिन्याची नाणी केव्हाच खर्च झाली; परंतु त्या अनाम खलाशांच्या मृत्यूने शिकविलेला धडा पुढे असंख्य दर्यावर्दींचे प्राण वाचविण्यास उपयोगी पडला.